जोडासांकोच्या वाड्यातील शाळा

रवींद्रनाथ ठाकुरांनी बालपणी तीन-चार शाळा पाहिल्या आणि त्यांपैकी एकाही शाळेत त्यांचे मन रमले नाही, ही गोष्ट आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. आणि सांगणाऱ्याचा आशय बहुधा असा असतो की, प्रतिभावंताला शिकवणीची गरजच पडत नाही. या समजुतीने त्या मुलाच्या घरावर मोठा अन्याय होतो. शाळेच्या बाकावरून उठून आलेला हा मुलगा काही रानोमाळ हिंडत नव्हता. कलकत्त्याच्या चितपूर रस्त्यालगतच्या एका विस्तीर्ण वाड्यात, पहाटेच्या अंधारापासून रात्री डोळे जड होईपर्यंत, पंडित, पहिलवान, गवई, वडीलबंधू आणि भावजया यांच्या हाती त्याचे शिक्षण अव्याहत चालू होते, आणि त्या दिनक्रमाचे वर्णन वाचले म्हणजे शाळेतले पाच-सहा तास हाच त्यातल्या त्यात विसावा असावा, असे वाटू लागते. ही घरची शाळा रवींद्रनाथांसाठी काढलेली नव्हती. ती त्यांच्या आधीपासून चालू होती. त्यांच्या बहिणी, भावजया, पुतणे, पुतण्या आणि भाचरे तिच्यातच शिकली, आणि पुढे त्यांनी स्वतः आपल्या मुलांसाठी तिची नव्याने मांडणी केली. तेव्हा तिचा इतिहास एका कुटुंबाच्या वहिवाटीचा इतिहास म्हणूनच पाहिला पाहिजे.

नीलमणी ठाकुरांनी १७८४ साली जोडासांको येथे हा वाडा बांधला. त्यांचे नातू द्वारकानाथ यांनी पेढी, नीळ, रेशीम, कोळसा आणि जमीनदारी यांतून अफाट संपत्ती मिळविली आणि १८४६ साली लंडन येथे देह ठेवला. त्यानंतर दीड-दोन वर्षांतच त्यांची कार-ठाकूर कंपनी बुडाली, आणि थोरले चिरंजीव देवेंद्रनाथ यांच्या माथ्यावर कर्जाचा डोंगर आला. तो त्यांनी सचोटीने फेडला. परंतु त्याआधीच, १८४३ साली, त्यांनी ब्राह्मधर्माची दीक्षा घेतली होती, आणि मूर्तिपूजा सोडल्यामुळे आप्तेष्टांचा मोठा भाग त्यांच्यापासून दुरावला होता. मुळातच ठाकूर घराणे पिराली ब्राह्मणांचे. इतर ब्राह्मण त्यांच्याशी सोयरीक करीत नसत, आणि जो कोणी त्यांचा जावई होई त्याला स्वतःच्या घरचे दार बंद होत असल्याने तो बहुधा सासुरवाडीसच राही. या दुहेरी बहिष्काराचा परिणाम असा झाला की मुली लग्नानंतरही माहेरीच राहिल्या, सुना आल्या, नातवंडे वाढली, आणि त्या वाड्यात एका वेळी इतकी माणसे नांदू लागली की त्यांच्यासाठी पाठशाळा, ग्रंथसंग्रह, रंगमंच आणि मासिक यांची सोय घरातच करणे भाग पडले. देवेंद्रनाथ आणि शारदादेवी यांना चौदा-पंधरा अपत्ये झाली. रवींद्रनाथ त्यांतले चौदावे, आणि जगलेल्यांत सर्वांत धाकटे. शेजारच्याच इमारतीत देवेंद्रनाथांचे बंधू गिरींद्रनाथ यांचा वंश राहत होता, आणि दोन्ही घरांची मुले एकमेकांच्या गच्च्यांवर आणि ओसऱ्यांवर वाढली.

असे कुटुंब केवळ मायेवर चालत नाही. त्याला कचेरीसारखा बंदोबस्त लागतो. देवेंद्रनाथ वर्षातील बराच काळ हिमालयात किंवा प्रवासात असत, आणि शिक्षणाचा कारभार त्यांचे तिसरे चिरंजीव हेमेंद्रनाथ यांच्याकडे होता. काही काळ मेडिकल कॉलेजात शिकलेले, शास्त्राची आणि कुस्तीची सारखीच आवड असलेले हे गृहस्थ शिस्तीचे मोठे भोक्ते होते. त्यांच्या हुकमाने पहाटे अंधारातच मुले आखाड्यात उतरत आणि एका डोळ्याने अधू असलेल्या पहिलवानाशी झुंजत. अंगाची माती झटकतात न झटकतात तोच वैद्यकाचा एक विद्यार्थी अस्थिशास्त्र शिकवायला हजर होई, आणि त्यासाठी तारांनी बांधलेला मनुष्याचा एक सांगाडा अभ्यासाच्या खोलीत भिंतीवर टांगलेला असे. सात वाजता नीलकमल मास्तर येत. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि बंगाली वाचन नवापर्यंत चाले. मग स्नान, जेवण आणि शाळा. शाळेतून परत यावे तो कसरतीचे शिक्षक, त्यांच्यामागून चित्रकलेचे शिक्षक, आणि दिवेलागणीला इंग्रजीचे अघोरबाबू. रविवारी विष्णू चक्रवर्ती गाणे शिकवीत, आणि सीतानाथबाबू पदार्थविज्ञानाचे प्रयोग करून दाखवीत.

अघोरबाबूंचे प्रकृतिस्वास्थ्य इतके उत्तम होते की त्यांचा खाडा कधी होत नसे, याचे दुःख रवींद्रनाथांनी पन्नाशीत लिहिलेल्या आठवणींतही ताजे आहे. धो धो पावसात गल्लीत गुडघाभर पाणी साचले आहे, आज मास्तर येणे अशक्य, अशा आशेने मुले व्हरांड्यातून वाट पाहत आहेत, आणि नेमक्या वेळी वळणावर तीच परिचित काळी छत्री प्रकट होते! याच अघोरबाबूंनी एकदा कागदात गुंडाळून मनुष्याची श्वासनलिका आणली आणि आवाज कसा निघतो ते समजावले. आणखी एकदा तर त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला शवविच्छेदनाच्या दालनात नेले. माझे मत असे की या साऱ्या भारदस्त वेळापत्रकाचा प्रत्यक्ष उपयोग हेमेंद्रनाथांनी कल्पिला होता त्याहून पुष्कळच कमी झाला. संध्याकाळच्या इंग्रजीने मुलांना झोप येई, आणि कुस्तीने कोणी मल्ल झाले नाही. परंतु या करड्या माणसाचा एक आग्रह सोन्याच्या मोलाचा ठरला, तो म्हणजे प्रथम मातृभाषा पक्की करण्याचा. ज्या काळी कलकत्त्यातील प्रतिष्ठित घराणी मुलांना अक्षरओळख होण्यापूर्वीच इंग्रजीला जुंपत होती, त्या काळी या घरात मुले बंगालीतून गणित, भूगोल आणि सृष्टिविज्ञान शिकत होती आणि मायकेल मधुसूदनांचे मेघनादवध काव्य वाचीत होती. त्यासाठी आपल्या या 'शेजदादां'चे ऋण रवींद्रनाथांनी स्पष्ट शब्दांत मान्य केले आहे. आणि १८९२ साली शिक्षणावरील आपला पहिला महत्त्वाचा निबंध त्यांनी लिहिला, तो परक्या भाषेतील शिक्षणाने मुलाचे मन आणि त्याचे जीवन यांची कशी फारकत होते याच विषयावर होता.

आता निसर्ग. ठाकुरांच्या घरातील मुले फुलापाखरांत वाढली, असा कोणाचा समज असेल तर तो साफ चुकीचा आहे. धाकट्या मुलांवर राज्य होते नोकरांचे. श्याम नावाचा नोकर छोट्या रवीला एका जागी बसवून त्याच्याभोवती खडूने वर्तुळ काढी आणि ते ओलांडल्यास काय अनर्थ होईल ते गंभीर चेहऱ्याने सुनावी. लक्ष्मणरेषा ओलांडणाऱ्या सीतेची कथा ऐकलेल्या मुलाला त्या धाकाची सत्यता पटायला वेळ लागत नसे. त्या वर्तुळालगत एक खिडकी होती. तिच्यातून बांधीव घाटाचे एक तळे, त्याच्या काठचा प्रचंड वटवृक्ष आणि नारळींची रांग दिसे. स्नानाला येणाऱ्या शेजाऱ्यांपैकी कोण कानांत बोटे घालून बुडी मारतो, कोण पायरीवरून एकदम उडी घेतो, दुपारी माणसे गेल्यावर बदके कशी पोहतात आणि वडाच्या पारंब्यांत अंधार कसा दाटतो, हे त्या मुलाने दिवसचे दिवस पाहिले. कलकत्त्याबाहेरचे जग त्याने प्रथम पाहिले ते डेंग्यूच्या साथीमुळे घरची मंडळी गंगाकाठच्या पानिहाटीच्या बागेत राहायला गेली तेव्हा. सृष्टिनिरीक्षणाची गोडी या मुलाला लागली ती सृष्टी दुर्मिळ असल्यामुळे, असे मला वाटते. पण म्हणून त्या खडूच्या वर्तुळाचे समर्थन करण्याचे मुळीच कारण नाही.

खरा निसर्गपाठ मिळाला तो १८७३ साली. मुंज झाली होती, डोक्याचा गोटा झाला होता, आणि अशा डोक्याने गोऱ्या मुलांच्या शाळेत कसे जावे या चिंतेत हा अकरा वर्षांचा मुलगा असताना वडिलांनी विचारले, माझ्याबरोबर हिमालयात येतोस का? या प्रवासाचे वर्णन मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा देवेंद्रनाथांविषयीचा माझा आदर वाढतो. पहिला मुक्काम बोलपूरला होता, जिथे त्यांनी १८६३ साली वीस बिघे माळरान घेतले होते. पावसाच्या ओघळांनी कापलेल्या तिथल्या तांबड्या घळींतून मुलगा दिवसभर हिंडे आणि पदरात चित्रविचित्र दगड भरून आणी. असला केरकचरा घरात कशाला, असे एका शब्दानेही न म्हणता वडिलांनी ते दगड मन लावून पाहिले आणि जवळच्या मातीच्या उंचवट्यावर त्यांची मांडणी करण्याचे काम त्याच्यावर सोपविले. खर्चाची रक्कम त्याच्या हाती दिली आणि हिशेब मागितला. आपल्या सोन्याच्या घड्याळाला रोज चावी देण्याचे काम त्याला दिले. मुलाने ते इतक्या उत्साहाने केले की घड्याळ दुरुस्तीला कलकत्त्याला पाठवावे लागले, तरीही विश्वास काढून घेतला गेला नाही.

अमृतसरवरून मंडळी डलहौसीला बक्रोटा शिखरावरील बंगल्यात पोचली. तिथला क्रम कडक होता: सूर्योदयापूर्वी उठून संस्कृत शब्दरूपे, मग वडिलांसोबत उपनिषदांतील मंत्रांचे पठन, फिरणे, इंग्रजी पाठ आणि बर्फासारख्या पाण्याचे स्नान. इंग्रजीसाठी बेंजामिन फ्रँकलिनचे चरित्र आणले होते. ते मुलाला सोपे आणि रंजक वाटेल अशी कल्पना होती, परंतु फ्रँकलिनची हिशेबी नीती वाचता वाचता खुद्द वडिलांनाच ती असह्य होऊ लागली. बाकीचा वेळ मुलगा हातात लोखंडी टोकाची काठी घेऊन देवदारांच्या रानातून एका डोंगरावरून दुसऱ्यावर एकटा हिंडे, आणि वडिलांनी त्याला एकदाही अडविले नाही. संध्याकाळी, वाटेतल्या डाकबंगल्याच्या अंगणात खुर्च्या टाकून, देवेंद्रनाथ त्याला आकाशातील ग्रह आणि नक्षत्रे दाखवीत, आणि प्रॉक्टरच्या ज्योतिषविषयक पुस्तकातील माहिती सोपी करून सांगत. मुलगा ती बंगालीत लिहून काढी. चौसष्ट वर्षांनी, १९३७ साली, रवींद्रनाथांनी 'विश्वपरिचय' हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी दोनच गुरूंची आठवण काढली: भांड्यातील पाणी तापत असताना त्यात लाकडाचा भुसा टाकून पाण्याचे चलनवलन दाखविणारे रविवारचे सीतानाथबाबू, आणि डोंगरावरच्या अंधारात नक्षत्रे ओळखायला शिकविणारे वडील.

बाहेरच्या दिवाणखान्यात मुलांचे हे शिक्षण चालू असताना अंतःपुरात काय चालले होते, ते सांगितल्याशिवाय या शाळेचा वृत्तांत पुरा होत नाही. पूर्वी तिथे वैष्णवी स्त्रिया येऊन लेकीसुनांना अक्षरओळख करून देत. देवेंद्रनाथांनी थोरली कन्या सौदामिनी हिला १८५१ साली बेथ्यून यांच्या नव्या मुलींच्या शाळेत घातले, आणि पुढे ब्राह्मसमाजातील अयोध्यानाथ पाकडाशी यांना अंतःपुरात शिकवायला नेमले. नात्याबाहेरचा पुरुष माजघराच्या आत येऊन सुनांना शिकवितो, ही घटना त्या काळी किती धीटपणाची होती, याची कल्पना आज येणे कठीण आहे. हेमेंद्रनाथही भावजयांना शिकवीत. ज्ञानदानंदिनी ही सत्येंद्रनाथांची पत्नी सांगते की त्या डोक्यावर पदर ओढून त्यांच्यासमोर बसत आणि त्यांच्या दरडावण्याने दचकत. या दचकणाऱ्या सुनेनेच पुढे बंगाली स्त्रीच्या पेहरावाला नवे वळण दिले आणि १८८५ साली 'बालक' हे मुलांचे मासिक संपादिले. देवेंद्रनाथांची कन्या स्वर्णकुमारी कोणत्याही शाळेत न जाता १८७६ साली 'दीपनिर्वाण' ही कादंबरी लिहिते, 'पृथ्वी' या नावाने भूशास्त्र आणि ज्योतिष यांवर निबंध प्रसिद्ध करते, आणि 'भारती' मासिकाचे संपादन वर्षानुवर्षे सांभाळते, यावरून अंतःपुरातील तो वर्ग नावापुरता नव्हता, हे सिद्ध होते. मात्र लग्ने बालवयातच होत होती. त्या बाबतीत हे घर काळाच्या पुढे गेले नाही.

एवढ्या शिक्षकांचा आणि विषयांचा पसारा पाहिल्यावर मनात प्रश्न उभा राहतो तो असा की, या घरातून इतकी लिहिती, गाती, रंगविती माणसे निघाली ती या पसाऱ्यामुळे निघाली काय? कलकत्त्यात त्याच सुमारास इतर धनाढ्य घरांतही खासगी शिक्षक तैनातीला होते, सांगाडे नसले तरी पुस्तके होती, बागा तर ठाकुरांहून मोठ्या होत्या. तिथून असे काही निपजले नाही. फरक होता तो वडीलधाऱ्यांच्या उद्योगात. थोरले बंधू द्विजेंद्रनाथ दक्षिणेकडच्या ओसरीत बसून 'स्वप्नप्रयाण' हे काव्य लिहीत, मोठ्याने वाचून दाखवीत, स्वतःच खदखदून हसत, आणि टाकून दिलेल्या पानांचा घरभर सडा पडे. ती पाने धाकटी मुले वेचून वाचीत. ज्योतिरिंद्रनाथ पियानोवर नव्या नव्या चाली बसवीत आणि सोळा-सतरा वर्षांच्या भावाला शेजारी बसवून त्या चालींवर जागच्या जागी शब्द बांधायला लावीत. त्यांच्या पत्नी कादंबरीदेवी यांनी गच्चीवर फुलझाडे लावून बाग केली होती. संध्याकाळी तिथे सतरंजी अंथरली जाई, आणि धाकट्या दिराच्या कवितांचे परीक्षण होई, ज्यात स्तुतीला जागा फार थोडी असे. १८७७ साली घरातून 'भारती' मासिक निघाले, आणि सोळा वर्षांचा मुलगा त्याच्या लेखकवर्गात बरोबरीच्या नात्याने दाखल झाला. १८८१ साली 'वाल्मीकिप्रतिभा' हे संगीतनाटक वाड्यातच झाले. वाल्मीकी रवींद्रनाथ, आणि सरस्वती हेमेंद्रनाथांची कन्या प्रतिभा. मुलांसाठी वेगळे, हलके, बालिश असे काही काढून ठेवण्याची त्या घरात पद्धत नव्हती. मोठी माणसे आपापल्या कामात गढलेली असत, ते काम मुलांच्या देखत चाले, आणि ज्याच्या हातात थोडे कसब दिसे त्याला त्या कामात ओढून घेतले जाई. माझ्या मते जोडासांकोच्या शाळेतला अध्यापनाचा मुख्य भाग हाच होता, आणि तो हेमेंद्रनाथांच्या वेळापत्रकात कुठेही लिहिलेला नव्हता.

शेजारच्या, म्हणजे गिरींद्रनाथांच्या वंशाच्या, घराचा दाखला याला पुष्टी देतो. अवनींद्रनाथ लहान असताना एका इंग्रजी शब्दाच्या उच्चारावरून त्यांचा मास्तरांशी वाद झाला, मार बसला, आणि वडिलांनी त्यांना शाळेतून काढून घरी शिकविण्याची व्यवस्था केली. वडील गुणेंद्रनाथ स्वतः कलाशाळेत शिकलेले. ते १८८१ साली अकाली वारले, पण घरात रंग, कागद आणि चित्रे यांचा राबता राहिला. थोरले बंधू गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ हे दोघेही भारतीय चित्रकलेच्या इतिहासातील मोठी नावे झाली, आणि भावांना चित्रे काढताना पाहत राहिलेली बहीण सुनयनी हिने प्रपंच सांभाळून, कोणाकडेही न शिकता, तिशीच्या सुमारास कुंचला हाती घेतला. अवनींद्रनाथांनी मुलांसाठी लिहावे ही सूचना रवींद्रनाथांची. तू गोष्ट सांगतोस तशीच लिही, एवढाच त्यांचा उपदेश होता. त्यातून 'शकुंतला' आणि 'क्षीरेर पुतुल' ही पुस्तके झाली, आणि दुसऱ्या पुस्तकाचे बीज रवींद्रनाथांच्या पत्नी मृणालिनीदेवी यांनी एका वहीत टिपून ठेवलेल्या लोककथेत होते.

या शाळेचा एक वर्ग आपल्या मुलखातही भरत होता, आणि त्याची आठवण मराठी माणसाने ठेवली पाहिजे. देवेंद्रनाथांचे दुसरे चिरंजीव सत्येंद्रनाथ हे सनदी नोकरीत निवडले गेलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची सारी कारकीर्द मुंबई इलाख्यात गेली आणि साताऱ्याचे न्यायाधीश असताना, १८९७ साली, ते निवृत्त झाले. त्यांची मुले याच इलाख्यात जन्मली, आणि त्यांनी स्वतः तुकारामांचे अभंग बंगालीत नेले. १८७८ साली विलायतेस जाण्यापूर्वी रवींद्रनाथांना त्यांच्याकडे अहमदाबादेस पाठविण्यात आले. तिथे शाहीबागेतील जुन्या मोगली महालात भावाचा ग्रंथसंग्रह आणि एक शब्दकोश घेऊन हा सतरा वर्षांचा मुलगा एकटा इंग्रजी वाचीत बसे. त्यानंतर इंग्रजी बोलण्याचा आणि विलायती रीतिरिवाजांचा सराव व्हावा म्हणून त्याला मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवले, आणि त्यांची विलायतेहून आलेली कन्या अन्नपूर्णा हिने त्याला शिकविले. त्या दोघांच्या स्नेहाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला अधिक मोलाची वाटते ती त्या दोन घरांतील समानता. व्याकरणकार दादोबांचे हे बंधू १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाचे संस्थापक होते, मुलींना शिकविण्याविषयी आग्रही होते, आणि १८८३ साली मुंबईत निसर्गेतिहास मंडळ ज्या मोजक्या गृहस्थांनी स्थापन केले त्यांत ते आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन वैद्य होते. धर्मसुधारणा, भाषा आणि पशुपक्ष्यांचा अभ्यास एकाच छपराखाली नांदविणारे घर मराठी मुलखातही होते. ज्योतिरिंद्रनाथांनी तर या इलाख्यातील वास्तव्यात मराठी इतकी आत्मसात केली की उतारवयात त्यांनी लोकमान्यांचे 'गीतारहस्य' बंगालीत उतरविले.

१८९८ साली रवींद्रनाथांनी पत्नी आणि पाच मुलांसह जोडासांको सोडले आणि पद्मेकाठी शिलाइदह येथे, जमीनदारीच्या कुठीत, संसार मांडला. माधुरीलता, रथींद्रनाथ, रेणुका, मीरा आणि शमींद्रनाथ ही ती पाच मुले. थोरली बारा वर्षांची, धाकटा दोनाचा. स्वतः भोगलेले शाळेचे जिणे मुलांच्या वाट्याला येऊ नये, हा निश्चय होताच. इंग्रजीसाठी लॉरेन्स नावाचा एक इंग्रज, संस्कृतसाठी शिवधन विद्यार्णव, गणित आणि विज्ञान यांसाठी जगदानंद राय, आणि बंगाली शिकवायला वडील, असा तो शिक्षकवर्ग होता. हेमेंद्रनाथांची पहाटेची सक्ती इथे नव्हती. नदी होती, वाळूची बेटे होती, मोहरीची शेते होती. राजशाहीचे इतिहासकार अक्षयकुमार मैत्रेय यांनी रेशीमकिड्यांचे वेड इथवर आणून पोचविले, आणि ते लॉरेन्सला असे जडले की त्याची खोली किड्यांनी भरून गेली, पाने पुरविता पुरविता चाकर थकले, आणि मुलांना इंग्रजीच्या जोडीने कोशापासून धाग्यापर्यंतचा सारा व्यवहार डोळ्यांसमोर पाहायला मिळाला. जगदीशचंद्र बसू सुट्टीला येत. यजमानाने रोज नवी कथा वाचून दाखवावी अशी त्यांची अट असे, आणि दिवसा ते रथीला बरोबर घेऊन वाळूतल्या खुणांवरून कासवाची अंडी कशी शोधावी हे शिकवीत. ज्याचे नाव युरोपच्या विज्ञानसभांत गाजत होते असा शास्त्रज्ञ दहा वर्षांच्या मुलासोबत वाळूत गुडघे टेकून बसलेला आहे, हा प्रसंग मला या साऱ्या इतिहासातील अत्यंत उज्ज्वल प्रसंग वाटतो.

परंतु ही सर्व शोभा कोणाच्या जिवावर होती, हेही सांगितले पाहिजे. जमीनदारीच्या दप्तरात ज्या जमाबंदीचे हिशेब होत होते तिच्यातूनच शिक्षकांचे पगार, पुस्तकांची बिले आणि मासिकांचे छापखाने चालत होते, आणि बिराहिमपूर परगण्यातील ज्या रयतेची मुले नदीकाठी गुरे राखीत होती त्यांना ना पंडित होता, ना लॉरेन्स. रवींद्रनाथांना ही विसंगती दिसत नव्हती असे नाही. त्या वर्षांतील त्यांच्या कथा आणि पत्रे या रयतेच्या दुःखाने भरलेली आहेत. घरची शाळा ही श्रीमंताघरची सोय आहे, आणि एकाच घरातील मुलांपुरती ती राहिली तर ती मुलेही एकटी पडतात, या दोन्ही गोष्टी त्यांना शिलाइदह येथे उमगल्या असाव्यात. कारण तीनच वर्षांनी त्यांनी ती शाळा मोडली आणि दुसरी उभारली.

१९०१ साली दोन्ही थोरल्या मुलींची लग्ने उरकून, आणि ती इतक्या लवकर उरकली याचे समर्थन मला करता येत नाही, ते बोलपूरच्या त्याच माळावर आले जिथे अकराव्या वर्षी त्यांनी दगड वेचले होते. देवेंद्रनाथांनी १८८८ साली ती जागा विश्वस्तपत्र करून शांतिनिकेतन आश्रमाला दिली होती. २२ डिसेंबर १९०१ या दिवशी तिथे पाच विद्यार्थ्यांची शाळा सुरू झाली. त्यांतला एक रथींद्रनाथ. शिलाइदहचे तिन्ही शिक्षक शांतिनिकेतनात आले, आणि ब्रह्मबांधव उपाध्याय व रेवाचंद हे नवे आले. प्रारंभी फी घेतली जात नव्हती. खर्चासाठी पुरीचे घर विकले गेले आणि मृणालिनीदेवींचे दागिने गेले. पुढच्याच वर्षी त्या स्वतः वारल्या, १९०३ साली रेणुका गेली, १९०७ साली अकरा वर्षांचा शमी पटकीने गेला. कुठीतल्या त्या वर्गातील निम्मी मुले तरुणपणीच मिटली, आणि वडील झाडांखालच्या वर्गांवर शिकवीत राहिले. रथींद्रनाथ १९०६ साली शेतकीच्या अभ्यासासाठी अमेरिकेत इलिनॉय येथे गेले आणि परत येऊन त्यांनी शिलाइदह येथेच प्रयोगशेती सुरू केली. १९३० साली नंदलाल बसूंच्या चित्रांसह 'सहज पाठ' निघाले, आणि जोडासांकोच्या अभ्यासिकेत ज्या मातृभाषेचा आग्रह धरला गेला होता ती बंगालमधील सामान्य घरांतील मुलांच्या हाती पहिल्या पुस्तकाच्या रूपाने गेली.

या इतिहासात ज्यांचे नाव सर्वांत कमी घेतले जाते त्या जगदानंद राय यांच्याविषयी दोन शब्द लिहून थांबतो. जमीनदारीच्या दप्तरात नोकरीला लागलेला, आणि मालकाच्या मुलांना गणित शिकवायला बसविलेला हा मनुष्य शांतिनिकेतनात आयुष्यभर शिकवीत राहिला आणि १९३३ साली वारला. ग्रहनक्षत्रे, किडेमकोडे, झाडेझुडपे, बंगालचे पक्षी, उजेड, उष्णता, आवाज या एकेका विषयावर त्यांनी मुलांसाठी बंगालीत एकेक पुस्तक लिहिले. ती सर्व वर्गात मुलांशी बोलता बोलता तयार झालेल्या भाषेत आहेत, आणि बंगालमधील दोन पिढ्यांनी विज्ञानाची पहिली ओळख त्यांच्यातून करून घेतली. बंगाली जाणणाऱ्या मराठी लेखकांना माझी विनंती आहे की, रवींद्रनाथांच्या कवितांचे आणखी एक भाषांतर हाती घेण्यापूर्वी त्यांनी जगदानंदांची ही पुस्तके एकदा चाळावीत, आणि त्यांतले निदान पक्ष्यांचे पुस्तक तरी, आपल्याकडील पक्ष्यांची भर घालून, मराठी मुलांसाठी आणावे.